समास सोडून

आमच्या गावात ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जायची एक रीत आहे. सोबत शहाळे किंवा बिस्किटांचा पुडा न्यायचा, खाटेजवळ बसून 'आता बरे ना?' म्हणायचे, आणि चहा येईपर्यंत हळूच विचारायचे, 'टाके किती पडले?' टाक्यांच्या आकड्यावरून दुखण्याची प्रत ठरते. अपेंडिक्सचे चार-पाच टाके म्हणजे किरकोळ, वीसच्या वर गेले की माणूस मरणाच्या दारातून परतला असे समजायचे.

२०१९ साली माझ्या वडिलांच्या जठरातून कर्करोगाची गाठ काढली. टाका एकही पडला नाही. ही गोष्ट गावात कोणाला पटेना. शेजारच्या आजीने विचारले, "मागीर ती गांठ काडली खंयच्यान?" बाबांनी तोंडाकडे बोट दाखवले. आजी हसल्या. मास्तर थट्टा करतात असे त्यांना वाटले असावे. आणखी दोघांनी तर मला बाजूला घेऊन सुचवले की मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला फसवले असेल, एकदा बांबोळीला नेऊन खात्री करून घ्यावी.

तेव्हापासून या विषयावर लिहायचे मनात आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.ला मराठी घेऊन पास झालो आणि सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटलो, तो अजून तिथेच आहे. पण त्या दोन महिन्यांत रात्री जागून जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते आपल्या भाषेत कोणी तरी सांगायला हवे.

आधी शब्दाचे. ट्यूमरला मराठी परिभाषेत अर्बुद म्हणतात. जुन्या अंकगणितात अर्बुद म्हणजे दहा कोटी, त्यामुळे हा शब्द ऐकला की मला अगोदर खजिना आठवतो. बोलण्यात आपण 'गाठ' म्हणतो, आणि गाठ म्हटली की सुपारीएवढे, लिंबाएवढे काही तरी डोळ्यांसमोर येते. बाबांच्या पोटात तसले काही नव्हतेच. होता तो जठराच्या खालच्या भागात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा लालसर, किंचित खोलगट डाग. तो सापडला तोही योगायोगाने. मोतीबिंदू काढायचा म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन नऊ. पोटात दुखणे नाही, उलटी नाही, भूक व्यवस्थित. सुरुवातीच्या अवस्थेतला जठराचा कर्करोग असाच गप्प असतो. तो बोलू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आपल्या देशात बहुतेकांचा तो उशिराच कळतो, हे सगळेच डॉक्टर सांगतात.

तर हिमोग्लोबिन कशाने कमी झाले ते शोधायला दुर्बीण घातली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती घातली होती. त्यांचे नाव इथे देत नाही, पण त्यांनी तो डाग 'सूज असेल' म्हणून सोडून दिला नाही, पाणी मारून धुतला, जवळून पाहिला, दोन-तीन ठिकाणचे कण काढून बायप्सीला पाठवले. आठवड्याने कागद हातात आला. त्यावरचा तो शब्द वाचायला इंग्रजी फारसे यावे लागत नाही.

बाबांविषयी थोडे सांगायला हवे. ते मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्या भरतीत १९६५ साली ते सत्तरीतल्या एका एकशिक्षकी शाळेत लागले. घरी बोलणे कोकणीत, लिहिणे-वाचणे मराठीत, हे आमच्याकडे सगळ्यांचेच. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज साठीची आहेत. त्यांना काही आठवत असेल तर एक गोष्ट नक्की आठवेल. वहीचे पान डाव्या बाजूने दुमडून घडी घालायची आणि त्या घडीच्या आत अक्षर येऊ द्यायचे नाही. 'समास गुरुजींचो. थंय तुवें बरोवंक जायना.' कोणाचे अक्षर समासात घुसले की पान पुन्हा लिहायचे. पुढे मी नोकरीला लागलो आणि टिपणीच्या कागदाला तसाच समास भेटला. तिथे साहेब शेरा मारतात, आपण लिहायचे नसते. असो. हे सांगायचे कारण पुढे येईल.

बायप्सीनंतर सीटी स्कॅन झाला. पसरल्याची खूण नव्हती. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी अगदी नीट समजावले. जठराचा खालचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसीकाग्रंथी काढायच्या, उरलेले जठर आतड्याला जोडायचे. खात्रीचा उपाय. त्यानंतर थोडेथोडे, पण दिवसातून पुष्कळदा खायचे, वजन उतरते, लोह आणि बी-१२ कमी पडू शकते, पण माणूस जगतो. मग त्यांनीच सांगितले, "डाग लहान आहे, वरच्यावर असावा असे वाटते. मुंबईला दुर्बिणीतूनच हे काढतात. एकदा त्यांचे मत घ्या." दुसऱ्याकडे जा असे सांगणारा सर्जन भेटणे ही भाग्याची गोष्ट.

घरात दोन पक्ष पडले. ताई बेळगावला दिलेली. तिचे म्हणणे स्पष्ट होते: कॅन्सर आहे, चेष्टा नव्हे, मुळासकट काढून टाका, अर्धवट कामे नकोत. तिच्या सासरी एका माणसाचे दुखणे 'बघूया, बघूया' करत हाताबाहेर गेले होते, म्हणून ती भीत होती, आणि तिची भीती खोटी म्हणता येत नव्हती. माझा कल दुसरीकडे होता, पण सही माझी लागणार होती. चुकीच्या कागदावर सही झाली तर फार तर मेमो येतो, एवढाच माझा आजवरचा अनुभव. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेज जेवताना म्हणाले, "पयलीं तोंडांतल्यान पळोवया. पोट मागीर कापूंक मेळटा, कापिल्लें परत लावंक मेळना." ताईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती रडली, आणि मग म्हणाली की मीही मुंबईला येते.

थिवीहून कोकणकन्या पकडली. दादरला नातेवाइकांकडे उतरलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी एका कागदावर पेनने चार रेघा ओढल्या. जठराची भिंत ही एकसंध नसते, ती पोळीसारखी पापुद्र्यांची असते. आतला पापुद्रा म्यूकोसा. त्याच्या तळाशी स्नायूची केसासारखी पातळ पट्टी. तिच्याखाली सबम्यूकोसा, हा भुसभुशीत. त्याखाली जाड स्नायूचा थर आणि शेवटी बाहेरचे आवरण. कर्करोग सुरू होतो पहिल्या पापुद्र्यात. रक्तवाहिन्यांचे आणि लसीकावाहिन्यांचे मोठे जाळे असते सबम्यूकोसात. रोग तिथे खोलवर पोचला की त्याला बाहेर जायला वाटा मिळतात. तो पहिल्याच पापुद्र्यात असेल, तर तेवढा पापुद्रा सोलून काढला की काम होते. जठर जागच्या जागी राहते.

सोलायचा कसा? भाजल्यावर कातडीखाली पाणी भरून फोड येतो, तसा फोड मुद्दाम आणायचा. आधी डागाच्या कडेपासून सुमारे पाच मिलिमीटर बाहेर, सभोवार, विजेने ठिपके डागायचे. मग सबम्यूकोसात सुईने निळसर रंगाचे द्रव भरायचे. डाग वर उचलला जातो आणि खालच्या स्नायूपासून सुटा होतो. ठिपक्यांच्या बाहेरून गोल चिरायचे, आणि नंतर त्या फुगलेल्या निळ्या थरात शिरून खालून कापत कापत सगळा तुकडा अखंड मोकळा करायचा. हत्यार दुर्बिणीच्या नळीतून आत गेलेले असते. त्याला वीज जोडलेली असते, त्यामुळे कापता कापता रक्तवाहिन्या शेकून बंदही करता येतात. धोके दोन: रक्तस्राव आणि भिंतीला भोक पडणे. भोक लहान असेल तर दुर्बिणीतूनच क्लिपा लावून बुजवतात. हे सगळे डॉक्टरांनी न लपवता सांगितले. ताईने वहीत लिहून घेतले.

ही पद्धत जपानी. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार, म्हणून तो लवकर शोधायचा ध्यासही त्यांचाच. तशी माणसाच्या पोटात डोकावायची खटपट जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळ्यालाच गाठले आणि त्याच्या घशातून सरळ नळी उतरवली. उजेड पुरला नाही. १९५० साली टोकियोत उजी नावाचे सर्जन आणि ऑलिंपस कंपनीचे तंत्रज्ञ यांनी नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा आणि दिवा बसवला. आतले काही दिसत नसे. अंधाऱ्या खोलीत पोटाच्या कातडीतून झिरपणाऱ्या उजेडावरून कॅमेरा कुठे आहे ते ताडायचे, फोटो काढायचे, आणि फिल्म धुतल्यावर कळायचे काय मिळाले ते. पुढे काचतंतू आले. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते हे दाखवले. ते वाचून अमेरिकेत हर्शोविट्झनी लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ साली ती प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरवली. कपानींचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक होते? २०२० साली ते गेले, पद्मविभूषण त्यानंतर मिळाले.

जपान्यांनी १९६२ साली 'लवकरचा जठरकर्करोग' म्हणजे काय याची व्याख्याच करून टाकली: म्यूकोसा किंवा सबम्यूकोसा यांच्या पलीकडे न गेलेला. नावे नीट ठरली की पुढचे काम सोपे होते, हे कारकुनाला सांगावे लागत नाही. १९८० च्या दशकात ते द्रव टोचून डाग उचलायचे आणि तारेचा फास टाकून तोडायचे. पण फासात मावेल तेवढेच एका वेळी येते. डाग मोठा असला की तो दोन-तीन तुकड्यांत निघायचा. तिथे घोटाळा व्हायचा. तुकडे जुळवून कडा कुठली आणि मधला भाग कुठला हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येत नसे, रोग मागे राहिला की नाही याचा निकाल लागत नसे, आणि तो परत यायचा. म्हणून १९९० च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला चिनी मातीचा मणी बसवलेली विजेची सुरी आली. मण्यातून वीज जात नाही, त्यामुळे टोक खालच्या थरात रुतत नाही आणि तुकडा मोठा असला तरी अखंड निघतो. २००६ साली तिथल्या सरकारी विम्याने जठरासाठी ही पद्धत मान्य केली. पुढे अन्ननलिकेतही ती चालू झाली, तिथे भिंत पातळ आणि जागा अरुंद, म्हणून काम जास्त नाजूक.

हे वाचताना रात्रीचे दोन वाजले होते आणि मला एकदम बाबांची दुमडलेली वही आठवली. ते ठिपके म्हणजे समासच. रोगाची अक्षरे ठिपक्यांच्या आत, आणि सभोवार कोरी जागा. इंग्रजीतही त्याला मार्जिनच म्हणतात.

बाबांचे काम सव्वादोन तास चालले. बाहेर आम्ही दोघे भाऊ-बहीण बाकावर. ताईने जपमाळ आणली होती, मी रुग्णालयाच्या भिंतीवरच्या सूचना परत परत वाचल्या. एका सूचनेत दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. थर्मोकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी ताणून लावलेला कातड्यासारखा एक तुकडा, चार सेंटिमीटरला थोडा कमी, मधे तो लालसर डाग. "एका तुकड्यात निघाला," ते म्हणाले. ताईने हात जोडले. "थांबा, अजून निम्मे काम आहे. उरलेले आता पॅथॉलॉजिस्ट करणार."

हे मला कोणी आधी सांगितले नव्हते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. गाठ निघाली म्हणजे माणूस बरा झाला, असा अर्थ त्या दिवशी होत नाही. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून, प्रत्येक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी कुठल्या जातीच्या, कडा मोकळ्या आहेत का, रोग किती खोल गेला, रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत घुसला का. या चार प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत पोट कापायचे की नाही हे टांगलेलेच. आम्हाला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस बाबांना कसे गेले ते त्यांनी सांगितले नाही. पहिला दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग पातळ पेज. मुंबईच्या नातेवाइकांनी ती कुकरला केली, तिला चव नव्हती, पण बाबांनी वाटी चाटून पुसून संपवली. पोटाच्या आत रुपयाहून मोठी जखम होती आणि त्यांना ती जाणवतही नव्हती. ती भरायला साधारण आठ आठवडे लागतात, तोवर आम्लाच्या गोळ्या. बाबा दादरच्या गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत आणि पेनने चुका दुरुस्त करत.

अहवाल आला. डाग अठरा मिलिमीटरचा. पेशी चांगल्या जातीच्या, म्हणजे त्यातल्या त्यात. कडा चारी बाजूंनी मोकळ्या, तळही मोकळा. वाहिन्यांत शिरकाव नाही. पण रोग पहिल्या पापुद्र्यात थांबलेला नव्हता. ती केसासारखी पट्टी ओलांडून तो सबम्यूकोसात तीनशे मायक्रॉन उतरला होता. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिले. ते म्हणाले, "मर्यादा पाचशेची आहे." पाचशे मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. शिसपेन्सिलीने ओढलेल्या रेघेची जाडी.

"पाचशेच का? सहाशे का नाही?" हे ताईने विचारले. मला विचारायचा धीर झाला नसता.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. २००० साली टोकियोच्या दोन मोठ्या रुग्णालयांनी आपली जुनी दप्तरे काढली. लवकरच्या जठरकर्करोगासाठी ज्यांची पोटे कापून लसीकाग्रंथीसकट जठर काढले होते, असे ५,२६५ रुग्ण. प्रत्येकाचा डाग केवढा, किती खोल, कुठल्या जातीचा, आणि काढलेल्या ग्रंथींत रोग होता की नव्हता, हे सगळे पुन्हा मांडले. त्यात बाबांच्यासारखे डाग, म्हणजे चांगल्या जातीचे, तीन सेंटिमीटरच्या आतले, वाहिन्यांत न घुसलेले आणि सबम्यूकोसात अर्ध्या मिलिमीटरच्या आत थांबलेले, १४५ निघाले. त्या १४५ पैकी ग्रंथींत रोग गेलेला एकही नव्हता.

"म्हणजे शंभर टक्के?" मी विचारले. "नाही. १४५ माणसांत शून्य आले, तर गणिताने शंभरात अडीचपर्यंत शक्यता धरावी लागते. आणि त्यांच्या वयात पोट कापण्याचा धोकाही शून्य नाही." दर सहा महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन, एवढ्यावर आमची सुटका झाली.

मी आयुष्यभर दप्तरे सांभाळली आहेत. आमच्या खात्यात रेकॉर्ड रूमला वाळवी लागली तेव्हा कोणाला काही वाटले नाही. त्यामुळे ते ५,२६५ माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचे जठर, आजच्या हिशेबाने, वाचू शकले असते. तेव्हा तो हिशेबच नव्हता, तो त्यांच्या कापलेल्या पोटांतून निघाला. कोणी तरी टोकियोत प्रत्येकाची मोजमापे नीट लिहून ठेवली, फायली हरवू दिल्या नाहीत, म्हणून सत्तरीतल्या एका मास्तराचे पोट शाबूत राहिले. त्या लिहिणाऱ्यांची नावे कुठे नसतील.

ताईचे समाधान पूर्ण झाले असे म्हणणार नाही. पहिली दोन वर्षे प्रत्येक दुर्बिणीच्या आदल्या रात्री तिचा फोन यायचा. २०२० साली टाळेबंदीत एक तपासणी तीन महिने लांबली, तेव्हा ती माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. बाबा आता ऐंशीचे आहेत. सगळे स्कॅन स्वच्छ आले. जठर तेच असल्यामुळे नवीन डाग उगवायची शक्यता राहते, म्हणून दुर्बीण वर्षाला एकदा चालूच आहे. खारवलेले बांगडे त्यांना बंद केले आहेत. जास्त मीठ जठराला वाईट, आणि आमच्याकडे पावसाळ्यात जेवणात दुसरे असते काय? ते तक्रार करत नाहीत, पण शेजारी सुके मासे भाजले की खिडकीशी जाऊन उभे राहतात.

एक गोष्ट राहिली. बाबांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू सापडले. अल्सर आणि जठरदाह यांच्या मुळाशी हा जंतू आहे हे दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळाले. मार्शलनी तर तो स्वतः पिऊन पाहिला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या यादीत घातले आहे. आपल्याकडे तो पुष्कळांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना त्यातून कर्करोग होत नाही, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण दुर्बिणीतून गाठ काढलेल्या माणसाने तो घालवावा. जपानमध्ये अशा ५४४ रुग्णांवर केलेल्या, २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात, जंतू घालवलेल्यांत नवा कर्करोग नऊ जणांना झाला, न घालवलेल्यांत चोवीस जणांना. बाबांना चौदा दिवस गोळ्या दिल्या, तोंड कडू झाले, जंतू गेले.

हा जंतू बहुधा लहानपणीच लागतो आणि घरातल्या घरात पसरतो. एका ताटात जेवलेली भावंडे आम्ही. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही तपासून घ्यायला सांगितले होते. मी करून घेतले. माझ्या पोटात निघाला, चौदा दिवसांचा कोर्स केला, वर दुर्बीणही घालून घेतली. घशात फवारा मारतात, तो तेवढा वाईट लागतो, बाकी काही नाही. ताई मात्र अजून गेलेली नाही. बाबांच्या प्रत्येक तपासणीची तारीख तिला तोंडपाठ असते. मी तिच्या तपासणीचा विषय काढला की ती म्हणते, आता चवथ जाऊ दे.